घरी पहिल्यांदाच सिल्वर ब्रेझिंग करतेय, कांडीची गोळी होऊन पळते, काय चुकतंय?

गिरगावकरीण | शनिवार, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. दोन वर्षं फक्त वाचतेय, आज पहिला धागा काढतेय आणि तो मदत मागायला.

सात वर्षांच्या भाच्याला फटफट बोट करून द्यायचीय. आमच्या लहानपणी नवरात्रात महालक्ष्मीच्या जत्रेत पत्र्याची मिळायची ती, आत मेणबत्तीचा तुकडा पेटवला की परातीत गोल गोल फिरायची. आत एक चपटी डबी असते तोच बॉयलर, तिला मागून दोन नळ्या, नळ्यांची तोंडं पाण्यात. डबीतल्या पाण्याची वाफ झाली की नळ्यांतलं पाणी बाहेर फेकलं जातं, वाफ थंड झाली की पाणी परत आत ओढलं जातं, आणि हे सेकंदात बऱ्याच वेळा होतं. बाहेर जाणारं पाणी सरळ धारेनं मागे जातं आणि आत येणारं सगळीकडून येतं म्हणून बोट पुढे सरकते. थॉमस पिओ नावाच्या माणसाने १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये याचं पेटंट मागितलं होतं, तेव्हापासून कल्पना तीच आहे.

पहिला बॉयलर मी साध्या सोल्डरने जोडला, छान चालला. मग भाच्याने मेणबत्ती जळत असतानाच बोट परातीतून उचलली, पाणी गळून गेलं, कोरडी डबी तापली आणि नळी सुटून त्याच्या पायाशी पडली. भाजलं नाही, पण माझ्या छातीत धस्स झालं. नंतर वाचलं तर ते सोल्डर १८३ डिग्रीलाच वितळतं. म्हणून ठरवलं की आता चांदीच्या डाखानेच जोडायचं. डाख म्हणजे सांध्यात वितळवून भरायचा धातू, आणि चांदीच्या डाखाने जोडणं म्हणजेच सिल्वर ब्रेझिंग.

बाबा माटुंगा वर्कशॉपमधून रिटायर झालेले, मागच्या वर्षी गेले. त्यांची हत्यारांची पेटी माझ्याकडे आहे. कानशी, पकडी, हातोड्या सगळं आहे पण ब्रेझिंगचं काही नाही. नागदेवी स्ट्रीटवरून ब्युटेनच्या डब्यावर बसणारा टॉर्च आणला, सिल्वर ब्रेझिंगची कांडी आणि फ्लक्सची (तापताना धातू काळा पडू नये म्हणून लावायचा लेप) डबी आणली, तांबाकाट्यावरून २२ गेजचा तांब्याचा पत्रा, आणि एसीची पाव इंची नळी एका दुकानात तुकडा मिळाली.

आज गॅलरीत केलं. कडाप्प्यावर जुना बिडाचा तवा ठेवला, त्यावर डबी, फ्लक्स लावला, टॉर्च मारला. आधी फ्लक्स उकळल्यासारखा फुगला, मग पांढरा झाला, मग बराच वेळ काहीच नाही. कंटाळून कांडी ज्योतीत धरली तर टोक वितळून गोळी झाली आणि ती गोळी पाऱ्यासारखी डबीवर इकडून तिकडे पळत राहिली, चिकटलीच नाही. तोवर फ्लक्स काळा पडला. दुसऱ्यांदा घासून परत केलं, तेच. शिवाय दहाएक मिनिटांनी टॉर्चचा डबा गार पडून ज्योतच बारीक झाली.

टॉर्च कमी पडतोय का? की कांडी खराब आहे? की माझाच हात?

---

गारवा_कुर्ला | शनिवार, रात्री ११:३०

ताई मी एसी फ्रिजचं काम करतो, रोज दहावीस जॉइंट होतात. तुमची चूक एका ओळीत सांगतो, कांडी गरम करू नका, काम गरम करा. कांडी ज्योतीने वितळवायचीच नाही, कांडी तांब्याने वितळली पाहिजे. तांबं तेवढं तापलं की नुसती टेकवली तरी ती पाण्यासारखी आत शिरते, आणि तांबं थंड असलं की गोळीच होणार, डोकं आपटलं तरी चिकटणार नाही.

आमच्यात तांब्याला तांबं जोडायला फॉस्फरसवाली कांडी वापरतात, तिला फ्लक्स लागत नाही, फॉस्फरसच ते काम करतो. स्वस्त पण पडते. पण ती ७०० च्या वर नीट वाहते म्हणून तुमच्या छोट्या टॉर्चला जड जाईल, आणि लोखंडाला ती कांडी कधी लावू नका, जॉइंट ठिसूळ होतो, दिसायला चांगला आणि हाताने तुटतो.

---

लेथमास्तर | रविवार, सकाळी ७:१०

गारवा यांनी मूळ मुद्दा सांगितला. मी ३१ वर्षं टूलरूममध्ये काढली आहेत, थोडं सविस्तर लिहितो.

१) बिडाचा तवा आजच बाजूला काढा. तुमची डबी फार तर वीस ग्रॅमची असेल आणि तव्याचं वजन दीड किलो. तुम्ही मारलेली आच डबीतून खाली तव्यात उतरत होती, म्हणजे तुम्ही तवा तापवत होतात. भट्टीचं सामान विकणाऱ्यांकडे इन्सुलेशनची हलकी वीट मिळते, हातात घेतली तर फुलासारखी वाटते, करवतीने कापता येते. तिच्या तीन तुकड्यांचा कोपरा करा, खाली एक, मागे एक, बाजूला एक. ज्योतीची जी आच हवेत जाते ती विटेवर आपटून परत कामावर येते. याने टॉर्च दुप्पट झाल्यासारखा वाटतो.

२) ब्युटेन उणे अर्ध्या डिग्रीला उकळतं. सलग चालवलं की डब्यातलं ब्युटेन वाफ होताना डब्याचीच उष्णता खातं, म्हणून डबा गार होतो आणि दाब उतरतो. डबा गरम पाण्यात बुडवायचा वगैरे उद्योग कृपया करू नका. काम तीन मिनिटांत उरकेल अशी मांडणी करा, तो प्रश्नच येणार नाही.

३) नळीसाठी डबीला भोक केवढं पाडलं होतं?

---

गिरगावकरीण | रविवार, सकाळी ९:०५

मास्तर, ७ मिमीचा ड्रिल मारला होता, नळी सहज जावी म्हणून.

---

लेथमास्तर | रविवार, सकाळी ९:४०

तिथेच निम्मं काम बिघडलं. पाव इंची नळी म्हणजे ६.३५ मिमी. ७ च्या भोकात चहूबाजूंनी ०.३२५ ची फट राहते. चांदीचा डाख फटीत स्वतःहून ओढला जातो, दिव्याच्या वातीत तेल चढतं ना अगदी तसंच, पण त्यासाठी फट ०.०५ ते ०.१२ मिमीच्या आसपास हवी. झेरॉक्सचा एक कागद साधारण ०.१ चा असतो, तेवढी फट डोळ्यासमोर ठेवा. साडेसहाचा ड्रिल मारलात तर प्रत्येक बाजूला ०.०७५ उरते, याहून चांगलं माप शोधून सापडणार नाही. नळी हाताने दाबून बसली पाहिजे, खुळखुळता कामा नये आणि ठोकायलाही लागू नये. साधं सोल्डर मोठी फट थोडीफार भरून घेतं म्हणून तुमचा पहिला बॉयलर चालला, हा डाख ते करत नाही.

आणि सफाई. पॉलिश पेपर मारा, नळीच्या बाहेरून आणि भोकाच्या कडेला आतून. मग साबणाने धुवा. पाण्याचा थेंब टाकून बघा, पसरला तर स्वच्छ आणि मोत्यासारखा राहिला तर तेल आहे. त्यानंतर त्या जागेला बोट लावायचं नाही, आपल्या बोटांना तेल असतं.

---

सोनाराचं_पोर | रविवार, दुपारी १:२२

आमच्या घरात तीन पिढ्या सोनारकाम. आजोबा म्हणायचे डाख आचेच्या मागे पळतो. एकदा वितळला की जिकडे जास्त गरम तिकडे जाणार. म्हणून फटीच्या एका बाजूने डाख ठेवायचा आणि आच दुसऱ्या बाजूने द्यायची, तो सांध्यातून ओढत पलीकडे येतो. पलीकडच्या बाजूला चकचकीत रेघ दिसली की समजायचं आत पूर्ण भरलंय.

ताई अजून एक, कांडी हाताने लावूच नका. आम्ही डाखाचे बारीक तुकडे कापून आधीच सांध्याला लावून ठेवतो. तुम्ही कांडी ठोकून बारीक करा आणि नळीभोवती एक वेढा गुंडाळून ठेवा, फ्लक्समध्ये बुडवून. मग दोन्ही हात टॉर्चला मोकळे आणि डाख किती गेला तेही मोजून जातं. जिथे डाख नको तिथे पेन्सिलीने रेघ ओढा, शिसपेन्सिलीचा काळा थर ओलांडून डाख जात नाही.

फ्लक्स कसा दिसतो ते बघत राहा, तोच थर्मामीटर. आधी पाणी उडून फुगेल, मग पांढरी पूड, मग ६०० च्या जवळ एकदम तूप वितळल्यासारखा पारदर्शक होऊन पसरेल. तूप झालं की पुढच्या काही सेकंदांत डाख वाहतो. तूप न होता काळा पडला म्हणजे आच कमी होती आणि वेळ जास्त गेला, फ्लक्स मेला. तो पूर्ण धुवून नवा लावायचा, वरून नवा थापायचा नाही.

---

पॉलीचा_पोरगा | रविवार, दुपारी ३:१५

मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फ्लक्सऐवजी टाकणखार चालेल का? किराण्यात/आयुर्वेदिक दुकानात मिळतो आणि स्वस्त आहे.

---

सोनाराचं_पोर | रविवार, दुपारी ३:४८

आम्ही तोच वापरतो, सहाणेवर गंधासारखा उगाळून. पण आमचा चांदीचा डाख ७०० च्या पुढे वाहतो. टाकणखार ७४० च्या सुमाराला वितळतो, आणि ताईंची कांडी सव्वासहाशे साडेसहाशेला वाहणारी असणार. म्हणजे डाख तयार आणि टाकणखार अजून झोपलेला, तोवर तांबं काळं पडून जाईल. कमी तापमानाच्या कांडीला फ्लोराइडवालाच फ्लक्स पाहिजे. फक्त त्याचा धूर नाकात जाऊ देऊ नका आणि हाताला जखम असेल तर ग्लोव्ह्ज घाला.

---

परळची_डॉक्टर | रविवार, सायंकाळी ६:३०

मला ब्रेझिंगमधलं काही कळत नाही, पण धागा वाचून एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. तुमच्या कांडीत कॅडमियम आहे का? पाकिटावर काय लिहिलंय?

---

गिरगावकरीण | रविवार, सायंकाळी ७:०२

पाकीट नाहीच. दुकानदाराने गठ्ठ्यातून दोन कांड्या काढून वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या. विचारलं तर म्हणाला सगळे हीच नेतात.

---

परळची_डॉक्टर | रविवार, सायंकाळी ७:४५

मग कृपा करून ती कांडी परत पेटवू नका. मी एकदाच नीट लिहिते.

कॅडमियमच्या वाफेचं सगळ्यात वाईट हे की त्या वेळी काही जाणवत नाही. थोडी घशाला खवखव, बस. माणूस काम उरकून घरी येतो, जेवतो, आणि काही तासांनी ताप, अंगदुखी, खोकला, छाती आवळल्यासारखी. घरच्यांना वाटतं व्हायरल आहे, रुग्ण स्वतःही तेच सांगतो, आणि फुफ्फुसात सूज चढत असते. यात माणसं दगावलेली आहेत. थोडं थोडं रोज गेलं तर मूत्रपिंडं खराब होतात आणि हा कॅन्सरकारक धातू आहे. धूळ अडवणाऱ्या साध्या मास्कवर याबाबतीत विसंबू नये. काल काम केल्यावर तुम्हाला काही त्रास झाला का? झाला असेल तर आजच डॉक्टरांना दाखवा आणि "मी धातूचा धूर घेतलाय" हे वाक्य स्वतःहून सांगा.

---

गिरगावकरीण | रविवार, सायंकाळी ७:५८

काहीच त्रास नाही डॉक्टर, गॅलरी उघडी होती आणि वारा होता. पण वाचून हातपाय गार पडले. भाचा दोन फुटांवर बसून बघत होता काल. कांड्या डब्यात बंद करून वर "वापरू नये" लिहून ठेवल्यात.

---

लेथमास्तर | रविवार, रात्री ८:३६

डॉक्टरांचे आभार, हे मी पहिल्याच प्रतिसादात लिहायला हवं होतं.

४५ टक्के चांदी आणि कॅडमियम असलेली कांडी ६०७ ला वितळायला लागते आणि ६१८ ला पूर्ण वाहते. इतकी सोपी दुसरी कुठलीच नाही, आणि चांदी कमी म्हणून स्वस्त, म्हणूनच ती अजून विकली जाते. पण कॅडमियम ७६७ डिग्रीला उकळतं, आणि नवशिक्याच्या हातून काम दीडशे डिग्री जास्त तापणं अगदी सहज होतं. नुसतं बघून कांडीत कॅडमियम आहे की नाही हे कुणालाही ओळखता येत नाही, मलाही नाही. म्हणून पाकिटावर घटक छापलेले असतील तीच घ्यायची, ५६ टक्के चांदी आणि थोडं कथील असलेली कॅडमियमविरहित मागा, ती ६१८ ते ६५२ मध्ये वाहते. महाग आहे, पण तुम्हाला लागणार दोनतीन ग्रॅम.

---

सोनाराचं_पोर | रविवार, रात्री ९:१२

केडीएमचे दागिने सगळ्यांना आठवत असतील. ते केडीएम म्हणजे हेच कॅडमियम. सोन्याचा डाख त्यात करायचे, टंच म्हणजे सोन्याचा कस कमी होत नसे म्हणून गिऱ्हाईक खूश. पण फुंकणीवर बसणाऱ्या कारागिराच्या फुफ्फुसाचं काय व्हायचं ते आम्ही घरात पाहिलंय, माझे मोठे काका पन्नाशीतच जिना चढताना थांबायचे. दुकानात कधी कुणी विचारलं नाही की धूर कुठे जातो. आता हॉलमार्कच्या दागिन्यांत कॅडमियमचा डाख चालत नाही ते फार बरं झालं.

---

चाळकरी७२ | रविवार, रात्री १०:२०

मी पण चाळीत वाढलो म्हणून सांगतो, राग मानू नका. लाकडी जिने, लाकडी कठडे, गॅलरीत वाळत घातलेले कपडे, आणि खाली उतरायला एकच वाट. आग लागली तर तुमच्या एकटीची नसते. शेजाऱ्यांना सांगून करा, वरची दोरी रिकामी करा, बाजूला एक बादली पाणी आणि एक बादली वाळू ठेवा, आणि काम संपल्यावर अर्धा तास तिथून हलू नका. टॉर्चला घरगुती सिलेंडर लावायचा मोह होईल, तो लावू नका, नियमात बसत नाही आणि तो गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचून राहतो, नाकापर्यंत वास यायच्या आधी पायाशी तळं झालेलं असतं. ब्युटेनचंही तेच. पाइपच्या गॅसला तर हातही लावायचा नाही.

---

गिरगावकरीण | रविवार, रात्री १०:५५

राग कसला, बरोबर आहे तुमचं. आमच्या मजल्यावर सगळ्यांना सांगितलंय. शेजारच्या आजी म्हणाल्या आमच्या वेळी कल्हईवाला चौकातच भाता मारायचा, तू चौकात कर. चौकात फरशी आहे, वर काही नाही, तिथेच करणार.

---

हंडाघागर | सोमवार, सकाळी ११:०८

कल्हईचा विषय निघाला म्हणून. कल्हई ही नुसती कथलाची, कथील २३२ ला वितळतं, नवसागराने भांडं साफ होतं आणि कापसाने पुसून पसरवतात, म्हणजे साध्या सोल्डरचीच बहीण. पण तांबट जे झाळकाम करायचे ते खरं ब्रेझिंग. कुणाकडे जुनी तांब्याची घागर असेल तर बुडाकडे नीट बघा, दातेरी पिवळसर रेघ दिसेल. पत्र्याच्या एका कडेला करवतीसारखे दात कापून दुसरी कड त्यात अडकवायची आणि त्यावर पितळेचा डाख आणि टाकणखार घालून भट्टीत झाळायचं. दातांमुळे सांध्याची लांबी वाढते आणि ठोकताना फाटत नाही. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत हे काम मी तासन् तास उभा राहून पाहिलंय. माझ्या आजीची घागर साठ वर्षं चुलीवर चढली आणि तो सांधा एकदाही गळला नाही. ताई तुम्ही जे शिकताय ते आपल्याच घरातलं आहे, आणि कुणीतरी परत शिकतंय याचा मला मनापासून आनंद झाला.

---

पॉलीचा_पोरगा | सोमवार, दुपारी १२:३०

साधी लाल वीट चालेल का इन्सुलेशनच्या विटेऐवजी?

---

लेथमास्तर | सोमवार, दुपारी २:०५

चालेल पण ती स्वतः आच पिते. आणि पावसाळ्यात विटेत पाणी मुरलेलं असतं, ओल्या विटेवर ज्योत मारली की कपची उडते, डोळ्यात जाऊ शकते. काँक्रीट आणि कडाप्प्याचंही तेच. चष्मा प्रत्येकाने घालायचा, बघणाऱ्यानेसुद्धा.

---

गिरगावकरीण | बुधवार, रात्री ११:३५

मंडळी झालं!!! आधी तेच सांगते, मग सविस्तर.

नवी कांडी घेतली, पाकिटावर घटक छापलेली, कॅडमियम नाही. दोन दुकानांत नाही म्हणाले, तिसऱ्याने आतून काढून दिली, ग्रॅमवर मोजून. वीट मिळाली, घरी करवतीने तीन तुकडे केले. नवा पत्रा कापला, साडेसहाचा ड्रिल मारला आणि नळी अशी बसली की सोडावीशी वाटेना. डबीचा तळ २२ गेज आणि झाकण पातळ, ०.२ मिमीचं. मास्तरांना मी वेगळा निरोप करून विचारलं होतं की आधी नळ्या आणि मग झाकण असं दोनदा करू का, ते म्हणाले दुसऱ्यांदा तापवताना पहिला सांधा सुटू शकतो, एकाच आचेत करा. म्हणून नळ्यांना कांडीचे वेढे, झाकणाच्या कडेला बारीक तुकडे, सगळ्याला फ्लक्स.

संध्याकाळी सातला चौकात बसले. मुद्दाम उशीर केला कारण दुपारच्या उन्हात तांब्याचा लाल रंग दिसतच नाही, शनिवारी मी तिथेही फसले असणार. वारा पाठीवरून येईल आणि धूर समोर जाईल अशी बसले. भाचा पहिल्या मजल्याच्या कठड्यावरून बघत होता, चष्मा लावून, आजींच्या शेजारी.

आधी सगळीकडून फिरवत आच दिली, जाड तळाला जास्त आणि पातळ झाकणाला लांबून. फुगला, पांढरा झाला, आणि मग सोनारदादा तुम्ही म्हणालात तसं एकदम तूप. मी श्वास रोखून धरला होता. तांब्यावर मंद लाली आली आणि नळीभोवतीचा वेढा अचानक दिसेनासा झाला. वितळून पडला नाही, दिसेनासा झाला, आत ओढला गेला. एक चकचकीत रेघ नळीभोवती सरसर फिरली आणि पूर्ण झाली. चार दिवस वाचत होते तरी ते डोळ्यांनी बघितल्यावर अंगावर काटा आला. बाबा असते तर पहिली हाक त्यांना मारली असती.

पण झाकण एका बाजूने उचललं गेलं, तिथे डाख गेला नाही. गरम पाण्यात टाकून फ्लक्सचा काचेसारखा कडक थर काढला, साफ केलं, परत फ्लक्स लावला, बारीक लोखंडी तारेने आवळलं आणि दोन तुकडे ठेवून परत तापवलं. धाकधूक होती नळ्यांची, त्यांना मुद्दाम लांब ठेवलं आचेपासून. यावेळी झाकणही बसलं.

एक चूक सांगते म्हणजे दुसरं कुणी करणार नाही. पहिल्या वेळी मी लाली जाऊन तांबं काळं पडायची वाट न बघता जरा लवकरच पाण्यात टाकलं, पाणी डबीत शिरलं आणि नळीतून वाफेची चिळकांडी मनगटावरून गेली. थोडं लाल झालं, गार पाण्याखाली धरलं, आता ठीक आहे.

मग तार काढली आणि लिंबूसत्त्वाच्या गरम पाण्यात अर्धा तास ठेवलं. एक नळी बोटाने बंद करून दुसरीतून फुंकलं, डबी पाण्यात बुडवून, पंक्चरवाला ट्यूब बघतो तसं. एकही बुडबुडा नाही.

---

गारवा_कुर्ला | गुरुवार, सकाळी ८:१०

वा ताई वा! वेढा गायब झाला म्हणालात ना, तिथेच कळलं जॉइंट झाला. माझ्या हाताखालच्या पोरांना हा धागा वाचायला लावतो. तार लिंबूसत्त्वात टाकली नाहीत ते चांगलं केलंत, त्यात लोखंड पडलं की कामावर तांब्याचा थर चढतो. आणि मनगटाला जपा.

---

लेथमास्तर | गुरुवार, सकाळी ८:४५

फार आनंद झाला. पोकळ वस्तूबद्दल सगळ्यांनी एक लक्षात ठेवा. यांच्या डबीला दोन नळ्या उघड्या होत्या म्हणून वाफ बाहेर आली. चहूबाजूंनी बंद असलेली पोकळ वस्तू कधीही तापवू नये, आतली हवा आणि चुकून राहिलेला पाण्याचा थेंब बॉम्बचं काम करतो. याच कारणाने कुणी हे वाचून व्हॉल्व्ह लावलेला खरा दाबाचा बॉयलर घरी करायला जाऊ नका, ते वेगळं शास्त्र आहे आणि त्याची तपासणी लागते. फटफट बोटीच्या नळ्या कायम उघड्या असतात म्हणून ती चालते.

बोट चालली का?

---

गिरगावकरीण | गुरुवार, रात्री ९:५०

चालली मास्तर. परातीत नाही, आजींनी त्यांचं मोठं पितळी घंगाळ काढून दिलं, त्यात. ड्रॉपरने नळीतून डबी भरली, मेणबत्ती लावली, वीसएक सेकंद काही नाही आणि मग ती सरकायला लागली आणि थांबेचना. अख्खा मजला जमला होता.

आणि भाच्याने परत तेच केलं, मेणबत्ती जळत असताना उचलली! मी ओरडले. डबी तापून निळीकाळी पडली, पण नळ्या जागच्या हलल्या नाहीत. परत पाणी भरलं, परत चालली.

फक्त एक गोष्ट. आवाजच येत नाही. कान जवळ नेला तर बारीक टकटक, बस. भाचा म्हणाला मावशी फट फट कुठंय. ते ऐकून जरा वाईट वाटलं, कारण आवाजासाठीच तर तो हट्ट होता. झाकण तर पातळ घेतलं होतं, मग का?

---

लेथमास्तर | गुरुवार, रात्री १०:३२

तांबं लाल होईपर्यंत तापलं की मऊ पडतं. आवाज येतो तो झाकणाचा पत्रा आतबाहेर उडतो म्हणून, त्याला ताठपणा लागतो, टिकलीच्या डबीचं झाकण दाबल्यावर टक् होतं तसा. तुमचं झाकण आता कागदासारखं नरम आहे. हे आधी माझ्या लक्षात यायला हवं होतं, एकाच आचेत करा हा सल्ला माझाच.

उपाय आहे. तळ आणि नळ्या चांदीच्या डाखाने, आणि झाकण पितळी शिमचं, म्हणजे अगदी पातळ पत्र्याचं, ०.१ मिमीचं, कडक. ते शेवटी टिन आणि चांदीच्या सोल्डरने लावायचं, ते २२१ ला वितळतं, तेवढ्या आचेने शिमचा ताठपणा जात नाही आणि खालच्या सांध्यांना कळतसुद्धा नाही. पण मग कोरडं तापलं तर झाकण सुटू शकतं, ते मात्र सांभाळावं लागेल.

---

गिरगावकरीण | गुरुवार, रात्री ११:०४

कळलं. भाच्याला बसवून समजावलं की आवाज पाहिजे असेल तर आधी मेणबत्ती फुंकायची, मग बोट उचलायची. त्याने घंगाळावर खडूने लिहून ठेवलंय, "आधी फुंक". शनिवारी शिम आणायला नागदेवीला जातेय. याच डबीचं झाकण कापून काढून कड घासून घेते आणि नवं लावते, नळ्यांना हात लावणार नाही.